वाळू चरत जाते

दिवाळी सरते, तुळशीचं लग्न उरकतं आणि मग एका सकाळी न्हावऱ्याच्या रस्त्यावर सगळ्या गाड्या गप उभ्या राहतात. कंपनीची बस, उसाचे ट्रॅक्टर, दुधाचा टेम्पो आणि आमची एसटी. मधून मेंढरं चाललेली असतात. घाईचा माणूस हॉर्न वाजवून बघतो, पण उपयोग होत नाही. मेंढरू हॉर्नचं ऐकत नाही, ते फक्त पुढच्या मेंढराच्या मागं जातं. यंदा माझ्या शेजारच्या सीटवर कंपनीत कामाला आलेला एक उत्तरेकडचा मुलगा बसला होता. "ये सब कहाँ जा रहे हैं, आंटी?" त्यानं विचारलं. "समंदर," मी म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं असणार, बाई थट्टा करतेय.

थट्टा कसली करतेय. मी स्वतः गेलेय की त्या वाटेनं, घोडीच्या पाठीवर कोकरांच्या शेजारी बसून. माझं माहेर निमोण्याचं, मेंढपाळाचं. आता तिथं कांदा आणि शेवंती होते, गोठ्यात जर्सी गाई आहेत, आणि भावाच्या पोरांना मेंढरू धरायला सांगितलं तर ती आधी हात पुसायला काही आहे का बघतात. पण मी लहान होते तेव्हा आमचा वाडा दरसाल दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. वाडा म्हणजे चौकाचं घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, माणसं, भांडीकुंडी असा जो चालता संसार असतो त्याला आम्ही वाडा म्हणतो. केंदूरच्या माळावरून पश्चिमेला निघायचं, घाट उतरायचा, आणि थेट समुद्राकाठी जाऊन टेकायचं. होळी झाली की परत वर.

कोकणात भाताची कापणी झालेली असायची. खाचरं रिकामी पडलेली. त्यात मेंढरं बसवायची, म्हणजे जमिनीला खत मिळायचं आणि आम्हाला भात. वर्षभर भाकरी खाणाऱ्या आम्हा पोरांना तो ऊन ऊन भात म्हणजे लग्नाचं जेवण वाटायचं. आई मात्र कोकणात कधी रमली नाही. सुक्या मासळीचा वास आला की ती पदर नाकाला लावायची आणि पदर खाली घेईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. घोंगड्या खाऱ्या हवेनं कायम ओलसर असायच्या. मेंढरं दावणीचे दोर चाटत उभी राहायची, कारण दोरांवर मीठ धरलेलं असायचं. भाकरीत वाळू, केसांत वाळू, कोकरांच्या पापण्यांवर वाळू. मला ते सगळं फार आवडायचं. आज कुणी विचारलं की तुमचं बालपण कुठं गेलं, तर मी निमोणं सांगते, पण डोळ्यांपुढं ती ओली घोंगडी येते.

समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बराच वेळ पलीकडचा काठ शोधत होते. घोडनदीच्या धरणाचं पाणी बघितलेलं होतं, त्यामुळं पाणी म्हटलं की समोर काठ असतोच, अशी समजूत. तात्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "दिसला का गं?" मी म्हणाले, दिसला. खोटंच. ते म्हणाले, "मला बी दिसतोय." मग आम्ही दोघं त्या नसलेल्या काठाकडं बघत उभे राहिलो.

तात्या म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, माझे चुलते. आप्पा म्हणजे माझे वडील. आप्पा वाड्याचे मोठे. त्यांचा शब्द एकदा निघाला की परत घशात जायचा नाही. आणि तात्या कायम शीळ घालत वाड्याच्या पुढं चालणारे. ते पुढं जाऊन वाट हेरून यायचे. पाणी कुठं आहे, चारा कुठं आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नदी कुठून उतरायची. नदीत जिथं वाळू साचून पाणी गुडघ्याएवढं होतं त्या जागेला आम्ही उतार म्हणतो. आमच्याकडं रीतच होती. पावसाळा सरला की उतार बघायचा, एखादं झाड, एखादा खडक अशी खूण धरायची, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत डोळे मिटून तिथूनच ये-जा करायची. यात चूक काहीच नव्हती. घोडनदी काय, भीमा काय, आमच्या नद्या पूर आला तरच वाळू हलवतात. पूर ओसरला की वाळू जिथं बसली तिथं बसली, मग आठ महिने तिला कुणी हात लावत नाही. बापजाद्यांनी हेच बघितलेलं, पोरांना हेच शिकवलेलं.

त्या साली आम्हाला खाडी ओलांडून पलीकडच्या खाचरांत जायचं होतं. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं ओहोटीला वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडायचा. तात्यांनी तो शोधला. खूण धरली. काठावरच्या देवळाचा कळस आणि पाण्यातला काळा खडक एका रेघेत आले की पाय टाकायचा. आम्ही सगळे तिथून पलीकडं गेलो. मला आठवतंय, पाणी माझ्या पोटऱ्यांना लागत होतं आणि गार होतं, आणि आई लुगडं वर धरून हसत होती. आई हसत होती म्हणून लक्षात राहिलं.

होळी झाली आणि आम्ही परत निघालो. उजाडायच्या सुमाराला ओहोटी होती, काठावर कोणी माणूस नव्हता. आप्पांनी विचारलं, "धाकल्या, हितंच ना?" तात्यांनी कळस बघितला, खडक बघितला. म्हणाले, "हितंच." आप्पांनी घंटेची मेंढी पाण्यात घातली.

ती थोडी चालली आणि मग दिसेनाशी झाली. तिच्यामागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. पाणी समुद्राकडं ओढ घेत होतं. आप्पा ओरडत होते, कुत्री भुंकत होती, तात्या गळ्याएवढ्या पाण्यात शिरून जी हाताला लागतील ती मेंढरं काठाकडं ढकलत होते. पण मेंढरू पुढच्याच्या मागं जातं. अर्धा कळप गेला. त्यात तात्यांच्या वाटणीची जवळजवळ सगळी होती, त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि आजोबांनी मेंढरं वेगळी करून दिली होती. सूर्य वर आला तेव्हा पाणी अगदी शांत, निळं दिसत होतं. मला त्या पाण्याचा इतका राग आला होता की मी त्याच्याकडं पाठ करून बसले.

आप्पा त्या काठावर एकच वाक्य बोलले. "तुला खूण बी धरता येत न्हाई." तात्या म्हणाले, "दादा, खूण हीच हाय." आप्पा म्हणाले, "मंग मेंढरं कुठं गेली?" उत्तर नसलं की माणसं एकमेकांकडं बोट दाखवतात, हे मी तिथंच शिकले.

त्यानंतर आमचा वाडा कोकणात गेला नाही. उरलेली मेंढरं विकून आप्पांनी निमोण्यात शेती धरली. तात्या वेगळे झाले आणि बायकोच्या माहेराकडं, दौंडच्या पुढं भीमेच्या काठाला जाऊन राहिले. कुणी कुणाच्या लग्नाला जायचं टाळलं नाही, पण पंगतीत एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. दोघांना एकमेकांशी बोलायची वेळ आलीच तर मधे मी. "आप्पांला सांग, बैल चांगला निघाला." "तात्याला म्हणावं, औशिद वेळेवर घे." दोघं एकाच बाकावर बसलेले असायचे आणि मी टपाल पोचवत असायचे. लोक हसायचे. मीही हसायचे, पण घरी येऊन माझं डोकं उठायचं.

मला जास्त टोचायचं ते तात्यांचं बदललेलं वागणं. शीळ तर त्या दिवशीच गेली. पण नंतर ते प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारायला लागले. मोटर बंद केली का, बघ बरं. हीच एसटी शिरूरला जाते ना, विचार बरं. स्वतःच्या उसाला पाणी देताना शेजाऱ्याला बोलावून सरी दाखवायचे. काकू वैतागायच्या. "ह्यांचा सोताच्या डोळ्यावर इस्वास न्हाई," म्हणायच्या. एकेकाळी जो माणूस वाड्याच्या पुढं चालून सगळ्यांना वाट दाखवायचा, तो आता घरातून निघताना कडी लागली का ते दोनदा परत येऊन बघायचा. त्याचं कारण मला ठाऊक होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं.

गंमत बघा, आमच्या घोडनदीची वाळू भीमेला जाते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. आमच्या मातीचा प्रवास सगळा उगवतीकडं. आम्ही मात्र दरसाल मावळतीच्या समुद्राला जायचो. कधी दुपारी डोळा लागता लागता मला दोन्ही समुद्र दिसतात. एक, जिथं आमची वाळू गेली. एक, जिथं आमची मेंढरं गेली. मधे निमोणं आणि दौंड, आणि त्यांच्यात धड पाऊण दिवसाचंही अंतर नसताना एकमेकांशी न बोलणारी दोन म्हातारी माणसं.

गेल्या वर्षी असाच कळप रस्त्यावरून गेला आणि आप्पा, कधी नव्हे ते, माझ्या मुलाला म्हणाले, "मला त्यो उतार एकदा बघायचाय. नेतूस का?" माझ्या मुलाकडं गाडी आहे आणि त्याला सुट्टी होती. मी आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना समुद्र बघायची हौस नव्हती. ऐंशी पार झालेला माणूस, त्याला जाण्याआधी स्वतःचं खरं करून बघायचं होतं. धाकट्यानं खूण चुकीची धरली होती, उतार भलतीकडंच होता, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग निवांत व्हायचं. मला संताप आला. तरी गेले त्यांच्याबरोबर, कारण ओळखायला एकाला दोन असावेत.

देऊळ रंगवलेलं होतं, पण तेच. काळा खडक तोच. ओहोटी होती. आप्पा माझ्या खांद्याला धरून वाळूतून चालत राहिले, मधेच थांबून कळस बघायचे, खडक बघायचे. शेवटी दोन्ही एका रेघेत आले आणि ते उभे राहिले. समोर वाळूचा पट्टा उघडा पडला होता. त्यावरून दोन बाया डोक्यावर पाट्या घेऊन आरामात पलीकडं चालल्या होत्या. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागत होतं.

खूण बरोबर होती. अगदी तंतोतंत. मी आप्पांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं, पण माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड झाला ते मला कळलं.

काठावर एक म्हातारी कोळीण मासळी वाळत घालत होती. मी तिला विचारलं, "मावशी, उतार कायम इथंच असतो का हो?" ती म्हणाली, "कायम कसा असेल बाई? पावसाळा संपला की इथं येतो. शिमग्यापर्यंत सरकत सरकत तिकडं लांब जातो, त्या सुरूच्या झाडांपाशी. तेव्हा इथं हत्ती बुडेल." आप्पांनी विचारलं, "पाऊस पडल्याबिगर? पूर आल्याबिगर?" ती म्हणाली, "पूर कशाला हवा? लाट हाय ना. रोज हाय." त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, कारण तिला वाटलं त्यांना ऐकू कमी येतं.

मग आप्पा एका उपड्या होडीला टेकून बसले आणि लाटा बघत राहिले. माझा मुलगा चहा आणायला गेला. मीही बसले. दुपार कलत होती, वारा वायव्येकडून येत होता. आधी मला काही कळेना. लाट येतेय, लाट जातेय, त्यात बघायचं काय? मग मला सुरूचं एक बोंड दिसलं. लाट तिरकी यायची आणि त्या बोंडाला तिरकं वर न्यायची. मागं फिरताना मात्र पाणी सरळ खाली उतरायचं आणि बोंड सरळ खाली यायचं. पुन्हा तिरकं वर, पुन्हा सरळ खाली. जागच्या जागी खेळ चाललाय असं वाटावं, पण बघता बघता ते बोंड माझ्यापुढून सरकून पार होडीच्या टोकाशी गेलं होतं. आणि बोंडाखाली, त्याच्यासारखाच, वाळूचा कण न् कण. सगळा किनारा चाललेला होता. आवाज नाही, घाई नाही. ऊन वाळूवर चमकत होतं आणि मला असं वाटलं की आपणही बसल्या जागी जरा जरा सरकतोय. किती वेळ गेला कोण जाणे.

"पोरी," आप्पा म्हणाले, "बघितलंस का? डोंगरउताराला मेंढरं अशीच चरत्यात. तिरकी वर, सरळ खाली. आपल्याला वाटतंय हितंच हायती, आन् सांजच्याला बघावं तर पार पल्याडच्या शिवंला. ही वाळू चरत चाललीया."

मी म्हणाले, "व्हय आप्पा."

"तवा धाकल्यानं बघितला तो उतार खरा हुता. आपण भात खात बसलो, आन् त्यो चरत गेला." मग म्हणाले, "त्याचं काई चुकलं न्हवतं." आणि ते रडले. मी माझ्या आयुष्यात आप्पांना रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मुलगा चहा घेऊन आला आणि कप हातात धरून तसाच उभा राहिला.

तुम्हाला वाटेल, गाडी घाट चढली ती थेट दौंडला गेली. छे. आप्पा निमोण्याला उतरले, घरात गेले आणि गप्प बसले. दिवस जात राहिले. मी फोन केला की कांद्याचं बोलायचे, थंडीचं बोलायचे. माझा जीव खालीवर. दोघांपैकी एकाचं काही झालं तर हे तसंच राहणार, आणि तात्या शेवटपर्यंत कडी तपासत राहणार. एकदा मी स्वतःच तात्यांना फोन लावला होता, सांगून टाकावं म्हणून. पलीकडून "कोण? तूच हायेस ना? नक्की?" असं आलं आणि मला पुढं बोलवेना. हे माझं सांगायचं नव्हतंच. आयुष्यभर निरोप पोचवले, हा एक मी पोचवणार नव्हते.

एका सकाळी आप्पा एसटीनं एकटेच शिरूरला माझ्या दारात आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. म्हणाले, "चल दौंडला."

तात्या अंगणात खाटेवर बसले होते, पलीकडं भीमेचं पाणी चमकत होतं. आम्हाला बघून उठले आणि सवयीनं माझ्याकडं वळून म्हणाले, "बसा म्हणावं त्यांस्नी." मी तोंड उघडलं नाही. आप्पा खाटेवर बसले नाहीत. गुडघे दुखतात तरी खाली मातीत बसले. तिथं पाणी मारलेलं होतं, माती ओलसर होती.

"धाकल्या," ते म्हणाले, "म्या जाऊन आलो. तुझी खूण बरोबर हुती. उतार तितंच हाय."

तात्या उभेच होते. मग हळूच म्हणाले, "दादा, ते मला ठावं हुतं. पयल्यांदा ठावं हुतं. मंग कवा कवा वाटायला लागलं, आपण बघितलंच न्हवतं. खूण बरोबर, मंग मेंढरं का गेली, ह्ये मला कुणीच सांगितलं न्हाई. मी लई इचार केला. मला गावलं न्हाई."

"म्या सांगतो," आप्पा म्हणाले. त्यांनी ओल्या मातीत बोटानं किनारा काढला. कळस काढला, खडक काढला. मग लाट कशी तिरकी येते, कण कसा वर जातो, पाणी कसं सरळ उतरतं, हे बोटानं दाखवत गेले. वर, खाली, वर, खाली, त्या मातीच्या किनाऱ्याच्या कडेकडेनं. पाऊस लागत न्हाई, पूर लागत न्हाई, वाळू रोज चालती. आपल्याला नदी ठाव, ही रीत ठाव न्हवती. तुझं चुकलं न्हाई, माझं बोलणं चुकलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पिठाचं ताट तसंच.

तात्या हळूहळू खाली बसले, आप्पांच्या समोर, मातीत. बराच वेळ त्या रेघांकडं बघत राहिले. आपण चुकलो नाही हे कळायला माणसाला एवढा वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "पुन्यांदा सांगा. पयल्यापास्नं."

आप्पांनी तळव्यानं माती सारखी केली आणि पहिल्या लाटेपासून पुन्हा सांगायला लागले.